किडा सापडला, पण तो ‘नवा’ कशावरून?

पेपरात दर दोन-चार महिन्यांनी बातमी असतेच: अमुक जंगलात भुंगेऱ्याची, कोळ्याची नाहीतर बेडकाची नवी प्रजाती सापडली. सोबत तांदळाच्या दाण्याला पाय फुटावेत तसा एक फोटो आणि तोंडात न मावणारं लॅटिन नाव. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, की किडा तर तिथं आधीपासून होताच, आपल्या आजोबांच्या चपलेखालीही कधीतरी आला असेल. मग या संशोधकांनी नेमकं केलं काय?

प्रश्न रास्त आहे. घोळ ‘सापडली’ या शब्दात आहे. सापडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. पावसाळ्यात नागपूरच्या अंबाझरी तलावाकाठचा ओला पालापाचोळा घमेल्यात झटकला तरी पाच-दहा तऱ्हेचे किडे हाती लागतील. त्यातला एखादा आजवर कुणीच नोंदवलेला नाही, हे दाखवून द्यायला मात्र वर्षं जातात. रोव्ह बीटल नावाच्या भुंगेऱ्यांचं उदाहरण घेतलं की ही सगळी भानगड नीट कळते.

आधी जाती आणि प्रजाती

पेपरवाले ज्याला ‘प्रजाती’ म्हणतात त्याला मराठीच्या शास्त्रीय लिखाणात ‘जाती’ म्हणतात, आणि जातींच्या वरच्या गटाला ‘प्रजाती’. वाघ आणि बिबट्या या दोन जाती, पण दोघांची प्रजाती एकच, पँथेरा. त्याच्याही वरचा गट म्हणजे कुल, दोघंही मांजरकुलातले. या लेखात हेच शब्द वापरले आहेत. बातमीतलं ‘नवी प्रजाती सापडली’ म्हणजे बहुतेक वेळा नवी जाती असते. खरोखर नवी प्रजाती मांडली जाणं ही फार मोठी गोष्ट झाली.

बंडी घातलेला भुंगेरा

भुंगेऱ्याचे पुढचे पंख कडक असतात आणि ते पाठीवर ढालीसारखे बसतात. शेणकिडा डोळ्यासमोर आणा, पाठ पूर्ण झाकलेली. रोव्ह बीटलचे हे पंख मात्र एवढे आखूड, की आखूड बंडी घातलेल्या माणसासारखं त्याचं लांबट पोट मागे उघडंच राहतं. पाहणाऱ्याला वाटतं, याला पंखच नाहीत. पण बहुतेकांचे उडायचे लांब, पातळ पंख त्या बंडीखाली घड्या घालून ठेवलेले असतात. उतरल्यावर किडा पोटाचं टोक वर वळवून पंख आत ढकलतो, आणि डाव्या-उजव्या पंखांच्या घड्या एकसारख्या पडत नाहीत.

उघडं पोट लवचिक असल्यामुळे हे किडे पालापाचोळ्याच्या थरांत, दगडांच्या फटीत, शेणात, सडक्या फळांत, टेकोड्यांच्या (अळंब्यांच्या) पापुद्र्यांत, अगदी मुंग्यांच्या वारुळातही शिरतात. जागा जितक्या वेगळ्या तितके प्रकार जास्त. या एका कुलात आजवर ६० हजारांहून जास्त जातींना नावं मिळाली आहेत. सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे आणि बेडूकवर्गीय यांच्या सगळ्या जाती एकत्र केल्या तरी आकडा इथवर पोचत नाही. स्टेनस या एकट्या प्रजातीत तीन हजारांवर जाती आहेत. तेव्हा ‘नवा’ म्हणायचं तर आधी या गर्दीतून वाट काढावी लागते.

गोळा करतानाच निम्म्या चुका होतात

सगळ्यात साधा सापळा म्हणजे जमिनीत पुरलेला प्लॅस्टिकचा ग्लास. कड जमिनीच्या पातळीला किंवा केसभर खालीच हवी. ती दोन मिलिमीटर जरी वर राहिली तरी तीन-चार मिलिमीटरचा किडा कडेला अडून वळसा घालून जातो, आणि मग ‘इथं काही नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. ग्लासात मिठाचं घट्ट पाणी किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल, आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब. त्या थेंबांशिवाय हलका किडा पाण्यावर तरंगतो आणि चालत बाहेर पडतो. वर तीन-चार सेंटीमीटर उंचीवर ताटलीचं छप्पर, नाहीतर नागपूरच्या एका सरीत ग्लास भरून वाहतो.

दुसरी पद्धत पाला चाळण्याची. सेंटीमीटरभर भोकांच्या चाळणीतून पडलेला चुरा जाळी बसवलेल्या नरसाळ्यात ठेवतात, वर २५ ते ४० वॅटचा बल्ब लावतात. वरून चुरा वाळत जातो तसे किडे ओलाव्याच्या शोधात खाली सरकतात आणि नरसाळ्याखालच्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. घाई झाली म्हणून मोठा बल्ब लावला तर चुरा एकदम तापतो आणि किडे खाली यायच्या आधी वरच वाळून मरतात. चार-पाच दिवस लागतात, तेवढे द्यावेत. मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, हा खटाटोप करूच नये. वरचा पाला कोरडा ठणठणीत आणि किडे ओलाव्यामागे केव्हाच खाली गेलेले. जुलै ते ऑक्टोबर हा हंगाम.

शरीररचना पाहायची तर ७० ते ८० टक्के अल्कोहोल, डीएनए काढायचा तर ९५ टक्क्यांच्या वर. सगळं एकाच बाटलीत ठेवलं की एक बाजू बिघडते: कडक अल्कोहोलमध्ये किडा ताठ होतो, पाय वाकवायला गेलं की तुटतात, पातळ अल्कोहोलमध्ये डीएनएचे तुकडे पडतात.

आणि लेबल. राज्य, जिल्हा, नेमकी जागा, चार दशांशांपर्यंत अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, किडा कशात मिळाला (‘कन्हानच्या काठी ओल्या गाळावर’ असं), कुणी गोळा केला. महिना रोमन अंकांत लिहायची पद्धत आहे, कारण ५-७ म्हणजे आपल्याकडे पाच जुलै आणि अमेरिकेत सात मे. लेबल हरवलेला किडा कितीही सुंदर असो, नोंदीच्या कामाचा राहत नाही.

फरक पोटात असतो

बऱ्याच रोव्ह बीटलांचं बाहेरून दिसणं जवळपास सारखं असतं. काळपट तपकिरी, चार मिलिमीटर, संपलं. रंगावर जाऊ नये, नुकताच कोषातून निघालेला किडा फिका असतो आणि काही दिवसांनी गडद होतो. लांबीवरही जाऊ नये. यांचं पोट जुन्या रेडिओच्या अँटेनासारखं आतबाहेर होतं. अल्कोहोलात ते ताणलं जातं, वाळल्यावर आक्रसतं. म्हणून जाणकार एकूण लांबीसोबत डोक्याच्या पुढच्या टोकापासून आखूड पंखांच्या मागच्या कडेपर्यंतचं माप देतात. ते बदलत नाही.

खात्री पटते ती नराचं जननांग पाहिल्यावर. वाळलेला किडा आधी कोमट पाण्यात मऊ करतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली, काडीच्या टोकाला बसवलेल्या केसासारख्या बारीक टाचण्यांनी, पोटाच्या शेवटच्या खंडांतून जेमतेम अर्धा-एक मिलिमीटरचा तो अवयव बाहेर काढायचा. त्याच्याभोवती चरबी आणि स्नायू चिकटलेले असतात. ते घालवायला १० टक्के कॉस्टिक पोटॅश. गरम असेल तर काही मिनिटं, थंड असेल तर रात्रभर. इथं हात चुकतो. कमी वेळ ठेवलं तर कडा दिसत नाहीत, जास्त ठेवलं तर अवयव काचेसारखा पारदर्शक आणि लिबलिबीत होतो, आतल्या पिशवीवरचे काटे दिसेनासे होतात आणि तो नमुना वाया जातो. मिनिटामिनिटाला डोकावत राहणं हाच उपाय. नंतर पाण्यात खळबळून ग्लिसरिनच्या थेंबात ठेवायचा, वरून आणि बाजूने असा दोन्हीकडून पाहायचा, चित्र काढायचं. थेंबात तो कलंडला आणि तिरका दिसला, तर त्या तिरकेपणाचीच ‘नवा आकार’ म्हणून नोंद होते. अशा चुका छापूनही आल्या आहेत.

काम झालं की अवयव फेकायचा नाही. किडा पुठ्ठ्याच्या छोट्या चिठ्ठीवर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने चिकटवतात, म्हणजे पुढे कुणाला खालची बाजू पाहायची तर तो सोडवता येतो. अवयव त्याच टाचणीवर दुसऱ्या चिठ्ठीवर किंवा इवल्याशा कुपीत. टाचणी बदलली की कुणाचं काय, हे देवालाच ठाऊक. एवढं करून पेटी बंद करावी तर पावसाळ्यात बुरशी येते, आणि वाळलेले किडे खाणारा दुसराच एक भुंगेरा आत शिरून सगळ्याचं पीठ करतो. किड्यांच्या संग्रहाला कीड लागते, ती अशी.

जननांगच का? बाहेरचं रूप जगण्याच्या गरजेवर ठरतं. एकाच पाल्यात राहणाऱ्या दोन जाती सारख्या दिसल्या तर त्यात नवल नाही. जननांगाचा आकार मात्र जोडीदाराच्या निवडीशी बांधलेला असतो आणि शेजारच्या जातींतही लवकर वेगळा होतो. तरी एका नरावर भिस्त ठेवू नये. शक्य असेल तर पाच-दहा नमुने मोजावेत. एकाच आईची पिल्लंसुद्धा लहानमोठी असतात. फरक सगळ्यांत सारखा दिसला तरच तो जातीचा.

आधी कुणी नाव दिलं नाही कशावरून?

इथं सगळ्यात जास्त वेळ जातो. भारतातल्या रोव्ह बीटलांचं मोठं काम माल्कम कॅमेरॉन या ब्रिटिश अभ्यासकानं केलं. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतले त्याचे खंड १९३० ते १९३९ या काळात निघाले. कष्ट अफाट, पण त्या काळच्या रिवाजानं वर्णनं त्रोटक आणि जननांगांची चित्रं फारशी नाहीत. ‘डोकं चमकदार, ठिपके विरळ’ एवढ्यावरून आज दोन जाती वेगळ्या काढता येत नाहीत. मग त्यानं ज्यावरून वर्णन लिहिलं तो किडाच पाहावा लागतो, आणि त्याचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. फोटो मागवायचे, नाहीतर जायचं. शिवाय नेपाळ, श्रीलंका, म्यानमारमधल्या जातीही तपासाव्या लागतात. किड्याला सरहद्द कळत नाही.

हे टाळलं तर जुन्याच जातीला नवं नाव दिलं जातं. तसं झालेलं उघडकीला आलं की नियम सरळ आहे, आधीचं नाव टिकतं आणि नंतरचं बाद होतं.

नव्या म्हणून नोंदलेल्या जाती गोळा झाल्यापासून नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं कपाटात पडून असतात, असं २०१२ मधल्या एका अभ्यासात दिसलं. टोकाचं उदाहरण रोव्ह बीटलचंच आहे. चार्ल्स डार्विननं १८३२ मध्ये अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांका इथं पकडलेला एक भुंगेरा लंडनच्या संग्रहालयात चुकीच्या जागी गेला आणि २०१४ मध्ये डार्विनिलस सेडारिसी म्हणून नावारूपाला आला.

आखीव पत्रिका आणि हद्दीचा दगड

नागपुरात प्लॉट घेणाऱ्याला आखीव पत्रिकेचं महत्त्व सांगायला नको. पण कागदावर लांबी-रुंदी असली तरी शेजाऱ्याशी वाद झाला की मोजणीवाले हद्दीचा दगड शोधतात. जातीचं तसंच. छापलेलं वर्णन म्हणजे पत्रिका, आणि हद्दीचा दगड म्हणजे मूळ नमुना: एकच किडा, ज्याच्याशी ते नाव कायमचं बांधलं जातं. त्याच्या टाचणीवर बहुधा लाल लेबल असतं. पुढे कुणाला शंका आली तर वर्णनाशी वाद घालत बसत नाहीत, तो किडा काढून पाहतात.

प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. मूळ नमुना कोणता आणि तो कोणत्या संग्रहात ठेवणार, हे तिच्यानुसार लेखातच सांगावं लागतं. जवळच्या जातींपासून वेगळेपण शब्दांत हवं. प्रकाशन फक्त ऑनलाइन असेल तर झूबँक या नोंदणीत आधी नोंद हवी. ही सोय २०१२ पासून झाली. पीएचडीचा प्रबंध ग्रंथालयात ठेवणं म्हणजे प्रकाशन होत नाही. परिषदेत स्लाइड दाखवली किंवा पेपरात बातमी आली, तरी नाव लागू होत नाही. म्हणून लेख छापून येईपर्यंत शहाणा संशोधक पत्रकाराला नाव सांगत नाही.

भारतात एक कायदाही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नवा जीव सापडला तर ठरवून दिलेल्या संस्थेला कळवून तिथं नमुना जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी ती संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. मुख्यालय कोलकात्याला, पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात. महाराष्ट्राचं जैवविविधता मंडळ तर नागपुरातच आहे. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्यात ग्लास पुरायचा असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी. ‘किडेच तर आहेत’ हे उत्तर तिथं चालत नाही.

डीएनए तपासला की झालं ना?

डीएनएच्या एका ठरलेल्या तुकड्यावरून, सुमारे ६५८ अक्षरांच्या, जाती ओळखतात. दुकानातल्या बारकोडसारखंच हे. पण बारकोड यंत्राला किंमत कळते ती वस्तू आधी यादीत भरलेली असेल तरच. कॅमेरॉनच्या कित्येक जातींचा डीएनए कुणी काढलेलाच नाही. मग ‘यादीशी जुळत नाही’ याचा अर्थ नवा असाही होतो आणि जुनाच, पण यादीत नसलेला, असाही. किड्यांच्या पेशींत राहणारे काही जिवाणूही या तुकड्याच्या वाटणीत ढवळाढवळ करतात. एकाच जातीचे वाटणारे नर आणि मादी खरंच एकाच जातीचे आहेत का, हे ठरवायला मात्र डीएनएसारखं दुसरं साधन नाही.

फोटो काढून सोडून देता येत नाही?

वाघाच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो. चार मिलिमीटरच्या किड्याच्या पोटातला अवयव फोटोत येत नाही, आणि पन्नास वर्षांनी कुणी वेगळाच प्रश्न विचारेल तेव्हा फोटोला खरवडून उत्तर मिळत नाही. आक्षेपात तथ्य आहे ते दुसऱ्या ठिकाणी: आठवडाभर विसरलेला ग्लास गरजेपेक्षा कितीतरी जास्त जीव घेतो. काम संपल्यावर ग्लास उपटून खड्डा बुजवणं हा या कामाचाच भाग आहे, आणि तो सर्रास टाळला जातो.

नाव स्वतःचं देता येतं का?

नियमात बंदी नाही, पण हसं होतं. दुसऱ्याचं देता येतं. पुरुषाच्या नावाला ‘-आय’, बाईच्या नावाला ‘-ए’ जोडतात. गावाचं द्यायचं तर ‘-एन्सिस’: स्टेनसच्या एखाद्या जातीला नागपूरचं नाव द्यायचं ठरलं तर ती ‘नागपुरेन्सिस’ होईल. मात्र तोच किडा पुढे रायपूरला किंवा काठमांडूला सापडला तरी नाव बदलत नाही. म्हणून गावाच्या नावापेक्षा अंगच्या खुणेवरून ठेवलेलं नाव जास्त काळ अर्थ राखतं, असं आमचं मत.

आणि याचा उपयोग?

पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती फिरणारा, केशरी-काळा, मध्ये निळसर हिरवी चमक असलेला, मुंगीसारखा लांबट किडा आठवतो? तो पेडेरस, रोव्ह बीटलच. तो चावत नाही, डंखही करत नाही. मानेवर बसला आणि चिरडला, की त्याच्या रक्तातलं पेडेरिन कातडीला लागतं. दिवस-दोन दिवसांनी लाल पट्टा उठतो, फोड येतात. बरेच जण त्याला नागीण समजतात आणि भलतेच उपचार सुरू होतात. विष मुळात किड्याचं नाही, त्याच्या अंगातल्या जिवाणूंचं. माद्यांमध्ये ते जास्त असतं.

हाच किडा भातशेतीत तुडतुडे खातो. म्हणजे भंडारा-गोंदियाच्या बांधीत तो शेतकऱ्याचा गडी, आणि घरातल्या दिव्याखाली डोकेदुखी. फवारणी करायची की नुसता दिवा मालवायचा, हे ठरवायला समोर नेमका कोण आहे हे कळायला हवं. दुसरी एक प्रजाती, अ‍ॅलिओकारा, तिच्या अळ्या माशांच्या कोषात शिरून आतली माशी खातात. तिथं जाती ओळखण्यात चूक झाली, तर भलत्याच माशीवर भलताच किडा सोडला जातो.

पेडेरससारखा किडा दिसला तर

अंगावर असेल तर फुंकून उडवा, चिरडू नका. चिरडलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवा, आणि तोच हात डोळ्याला लावू नका. अभ्यासासाठी ठेवायचा असेल तर कागदाच्या तुकड्यावर चढवून झाकणाच्या छोट्या बाटलीत सोडा. वर ७० टक्के अल्कोहोल. सॅनिटायझरचं जेल नको, ते चिकटून बसतं. लेबल बाटलीवर चिकटवू नका, आत टाका. आणि ते पेन्सिलीनं लिहा; बॉलपेनची शाई अल्कोहोलात उतरते आणि आठवड्यात बाटली निळी होते.